कोल्हा चावल्यावर दहा दिवस थांबायचं नसतं

प्रश्न थोडक्यात असा. सकाळी दहाच्या सुमारास उसाच्या फडातून कोल्हा बाहेर आला आणि पाचट गोळा करणाऱ्या आईच्या मनगटाला चावला. तिथून गोठ्यात शिरून म्हशीच्या नाकाडाला झोंबला, घरच्या कुत्र्याशी त्याची झटापट झाली आणि तो निघून गेला. घरच्यांनी जखमेत तिखट आणि हळद भरली. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीज लसीचा पहिला डोस मिळाला, पण सिरम तिथे नव्हतं. गावातले जाणते म्हणतात, कोल्हा जगतो का मरतो ते दहा दिवस बघा, मग पुढचं. चावून आज तिसरा दिवस आहे. कोल्ह्यापासून माणसाला रेबीज खरंच होतो का, आणि म्हशीच्या दुधाचं काय?

होतो. आणि आज पहिलं काम म्हणजे आईला घेऊन सिरम असलेल्या दवाखान्यात जाणं. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा सिव्हिलला आधी फोन लावा आणि नेमकं विचारा, ‘एआरएस आहे का?’ नुसतं ‘रेबीजचं इंजेक्शन आहे का’ असं विचारलं तर ‘आहे, या’ असं उत्तर येतं आणि तिथे पोहोचल्यावर कळतं की ते लसीबद्दल बोलत होते. एआरव्ही म्हणजे लस, एआरएस म्हणजे सिरम. औषधं दोन, कामं दोन. तुमच्या आईला दोन्ही लागतात आणि अजून एकच मिळालंय.

सिरमची घाई कशासाठी, हे कळायला विषाणूची वाट डोळ्यांसमोर आणावी लागेल. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो. दात कातडीच्या आत गेला की लाळ स्नायूत उतरते. तिथे विषाणू काही दिवस, कधी काही आठवडे नुसता रेंगाळतो. मग स्नायूला जिथे नस जोडलेली असते तिथून तो नसेत शिरतो आणि नसेच्या आतून दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा चालीने मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे सरकतो. रक्तातून तो हिंडत नाही, त्यामुळे रक्त तपासून या टप्प्यावर काही कळत नाही आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेलाही त्याचा पत्ता लागत नाही. मेंदूत पोहोचला की तो तिथे वाढतो आणि नसांमधूनच उलट लाळग्रंथींकडे येतो. चावणाऱ्या जनावराची लाळ घातक होते ती या शेवटच्या टप्प्यात.

चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ बहुतेकांत एक ते तीन महिने असतो. क्वचित आठवड्याच्या आत, क्वचित वर्षानंतरही. चेहरा, मान, डोकं आणि हाताची बोटं इथला चावा जास्त वाईट, कारण एक तर मेंदू जवळ किंवा नसांचं जाळं दाट. मनगट त्या मानाने मध्यम, पण त्यावर निवांत राहू नये. लक्षणं सुरू झाली (चावलेल्या जागी मुंग्या येणं, ताप, मग पाण्याची आणि वाऱ्याच्या झुळुकीचीही धास्ती) की उपचार जवळजवळ हरलेले असतात. साधारण पाचातल्या एका रोग्यात पाण्याची धास्ती दिसतच नाही, नुसते हातपाय लुळे पडत जातात, आणि असा रेबीज बऱ्याचदा ओळखूच येत नाही.

म्हणजे सगळा खेळ विषाणू नसेत शिरण्याआधीचा आहे. लस दिली तरी शरीर स्वतःची प्रतिपिंडं (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं) तयार करायला साधारण सात ते चौदा दिवस घेतं. मधल्या काळात जखमेत बसलेल्या विषाणूला अडवायला बाहेरून तयार प्रतिपिंडं थेट जखमेत भरायची, हे सिरमचं काम. म्हणूनच सिरमची मुदत लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत. त्यानंतर ते देत नाहीत, कारण तोवर लसीची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात आणि सिरम त्यांच्या कामात आडवं येऊ शकतं. तुमच्या आईचा पहिला डोस काल झाला. मुदत आहे, पण ती वापरून संपवायची नसते.

या दोन औषधांचा फरक किती, हे 1954 साली इराणमध्ये दिसलं. साहने नावाच्या गावात एकाच पिसाळलेल्या लांडग्याने 29 जणांना चावे घेतले. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकी ज्या 13 जणांना लसीबरोबर सिरमही मिळालं त्यातला एक दगावला. नुसती लस मिळालेल्या पाच जणांपैकी तीन दगावले. आजच्या लसी तेव्हाच्या लसींपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत, पण मोठ्या जखमेत सिरम टाळून चालत नाही हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

आता दहा दिवसांचं. हा नियम खरा आहे, पण तो कुत्र्या-मांजरांचा आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू यायला लागला की पुढच्या काही दिवसांत कुत्रा आजारी दिसतो आणि मरतो, हे पुष्कळ निरीक्षणांतून पक्कं झालंय. म्हणून चावलेला कुत्रा दहा दिवसांनी धडधाकट असेल तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. (तिथेही उपचार पहिल्या दिवशीच सुरू करायचे, कुत्रा जगला तर पुढचे डोस थांबवायचे.) कोल्हा, लांडगा, मुंगूस यांच्या बाबतीत असा हिशोब कुणी पक्का केलेला नाही. शिवाय साधी अडचण अशी की फडात गेलेला कोल्हा तोच, हे ओळखणार कोण? दहा दिवसांनी बांधावर एखादा धडधाकट कोल्हा दिसला तर तो दुसराच असण्याची शक्यता जास्त. म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सरळ सांगतात: कुठल्याही वन्य प्राण्याचा चावा तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे धुणं, लस आणि सिरम तिन्ही. जखम केवढी आहे यावर तिथे घासाघीस नाही.

आपल्याकडे माणसाला होणाऱ्या रेबीजचं मूळ बहुतांशी कुत्राच असतो. कोल्ह्या-लांडग्यांत सापडणारा विषाणूही साधारण कुत्र्यांतलाच. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा असते, तिथे रात्री भटकी कुत्री आणि कोल्हे एकाच मेलेल्या जनावरावर येतात, भांडतात, आणि रोग इकडून तिकडे जातो. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकल्या तरी तेच. शहरही यातून सुटलेलं नाही. 2024 च्या अखेरीस मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज निघाला होता.

जगात सगळीकडे चित्र असंच नाही. अमेरिकेत रॅकून, स्कंक आणि वटवाघळं स्वतःच हा रोग टिकवून ठेवतात. युरोपात लाल खोकड टिकवून ठेवायचा. तिथे 1978 साली स्वित्झर्लंडने कोंबड्यांच्या मुंड्यांत लस घालून त्या डोंगरदऱ्यांत टाकायला सुरुवात केली आणि पुढे पश्चिम युरोपातून खोकडांचा रेबीज जवळपास हटला. आपल्या मुंगसाचाही एक मासला आहे. उसातल्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी 1872 मध्ये भारतातून जमैकात मुंगसं नेली, ती कॅरिबियन बेटांवर पसरली, आणि आज पोर्टो रिको आणि ग्रेनाडासारख्या बेटांवर रेबीजचा मुख्य वाहक मुंगूसच आहे. तेव्हा दर्शन शुभ असलं तरी मुंगसाचा चावा अंगावर काढू नका.

वानर, माकड, तरस, खोकड, उदमांजर, अस्वल, बिबट्या, रानडुक्कर या सगळ्यांना वरचाच नियम. घरातला उंदीर, खार, ससा यांच्या चाव्याला सहसा रेबीजची लस लागत नाही. साप, घोरपड, पक्षी यांचा प्रश्नच नाही, रेबीज फक्त सस्तन प्राण्यांना होतो. वटवाघळांबद्दल विचारणा फार होते. नागालँडमधल्या वटवाघळांत रेबीजच्या कुळातल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं, पण भारतात वटवाघळापासून रेबीज झाल्याचं सिद्ध झालेलं नसल्याने आपल्या सूचनांत त्यासाठी लस धरलेली नाही. वटवाघूळ हातात धरायचा मोह तरीही टाळावा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र ही सवलत स्वतःला लावू नये, तिथे वटवाघळाचा स्पर्श झाला तरी डॉक्टर गाठायचा.

तुमचा कोल्हा पिसाळलेला होता का? वर्णनावरून संशय दाट आहे. निरोगी कोल्हा माणसाची चाहूल लागली की सटकतो. दिवसाढवळ्या वस्तीत येणं, माणूस, म्हैस, कुत्रा जे समोर येईल त्याला चावत पुढे जाणं आणि कुठलीच शिकार उचलून न नेणं, हे पिसाळल्याचं लक्षण. भुकेचा हल्ला वेगळा दिसतो: भुकेला लांडगा लहान पोराला किंवा शेळीला धरून ओढत नेतो. पिसाळलेला लांडगा चावतो, सोडतो, पुढच्याकडे वळतो, एका फेरीत तीन-चार वाड्यांवरची माणसं चावतो. डिस्टेंपर नावाच्या रोगातही कोल्हे झिंगल्यासारखे दिवसा वस्तीत येतात, आणि तो रोग माणसाला होत नाही. दोन्हींतला फरक नुसत्या नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी मेंदूची तपासणी लागते, आणि उपचार त्या निकालासाठी थांबवायचे नसतात.

आता दवाखान्यात काय व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे समोर नीट होतंय का ते तुम्हाला बघता येईल.

आधी जखम परत धुवा. तीन दिवस झाले तरी धुवायची. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून 15 मिनिटं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. तिखट, हळद, चुना, तेल यांनी तसलं काहीच होत नाही. उलट तिखटाने जखम पेटते, मांस सोलवटतं, नसांची उघडी टोकं वाढतात आणि आत अडकलेल्या पुडीमुळे सिरमही नीट पसरत नाही. ती पूड धुऊन पूर्ण निघाली पाहिजे. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. घट्ट पट्टी नको. टाके शक्यतो नकोतच. जखम उघडी पडून रक्त थांबत नसेल तर आधी सिरम भरायचं, काही तास जाऊ द्यायचे आणि मग सैल टाके घालायचे. आधी टाके आणि मग सिरम अशी उलटापालट झाली की सुई विषाणूला आत ढकलते.

सिरमचं प्रमाण वजनावर. घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर किलोला 40 युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर किलोला 20. आई 55 किलोची धरली तर घोड्याचं 2200 युनिट लागेल. एका मिलीत 300 युनिट असतात, म्हणजे साधारण 7.3 मिली. 5 मिलीच्या दोन कुप्या. तिसरा पर्याय प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड त्यातलं, त्याचं प्रमाण किलोला 3.33 युनिट. ते घोड्यापासूनचं नसल्याने त्याची ॲलर्जी कमी.

मोजून दिलं म्हणजे झालं असं नाही, कुठे दिलं ते महत्त्वाचं. सिरम जखमेच्या कडांनी आणि तळाशी, बारीक सुईने, मावेल तेवढं भरायचं. दाताची जेवढी छिद्रं तेवढ्या सगळ्यांत. कोल्ह्याचा चावा फसवा असतो: मनगटाच्या वरच्या बाजूला दोन ठसठशीत खुणा दिसतात आणि खालच्या जबड्याच्या दोन बारीक खुणा तळव्याच्या बाजूला, घडीत लपलेल्या राहतात. म्हणून हात उजेडात धरून, उलटसुलट करून खुणा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा. सगळी लस-सिरम घेऊनही रेबीज झाल्याची जी मोजकी उदाहरणं आहेत, त्यांत एखादी जखम सिरमविना राहिलेली असणं हे नेहमीचं कारण. जखमा पुष्कळ असतील आणि सिरम पुरत नसेल तर सलाइनच्या पाण्याने दुप्पट-तिप्पट करून सगळीकडे पोहोचवायचं. ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त सिरम मात्र द्यायचं नाही. बोटाच्या पेरात फार दाबून भरलं तर रक्तपुरवठा अडतो, तिथे बेताने. उरलेलं पूर्वी ढुंगणावर देत असत, त्याचा उपयोग नाही असं आता मानतात.

घोड्याच्या सिरमसाठी आईला उपाशी नेऊ नका. इंजेक्शननंतर तासभर तिथेच बसवून ठेवा, आणि ॲड्रिनलिन (गंभीर ॲलर्जी आली तर लगेच द्यायचं इंजेक्शन) हाताशी ठेवलंय ना हे विचारायला लाजू नका. आधी कातडीवर चाचणी घेऊन ‘ॲलर्जी आली, सिरम देत नाही’ असं सांगण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. जागतिक आरोग्य संघटना ती चाचणी आता सुचवत नाही, कारण कुणाला गंभीर रिॲक्शन येणार हे तिच्यावरून कळत नाही.

लसीचा हिशोब पहिल्या सुईच्या दिवसापासून. चावल्याचा दिवस त्यात धरायचा नाही. पहिला डोस तो शून्य दिवस. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीतली पद्धत असते: दोन्ही दंडांवर 0.1 मिली, दिवस 0, 3, 7 आणि 28. सुई बरोबर कातडीत गेली तर संत्र्याच्या सालीसारखी छोटी गाठ उठते. गाठ उठलीच नाही तर डोस खोल गेला, तो लगेच शेजारी परत द्यायला सांगा. खासगीत स्नायूत देतात: दिवस 0, 3, 7, 14, 28, दंडात. लहान मुलांना मांडीच्या पुढच्या बाजूला. ढुंगणावर रेबीजची लस कधीही घेऊ नका, तिथल्या चरबीत ती वाया जाते. एखादी तारीख चुकली तर पुन्हा शून्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला डोस लवकर घेऊन पुढे जायचं. कॅन्सरचे उपचार, स्टिरॉइड किंवा एचआयव्ही यापैकी काही असेल तर आधी सांगा, त्यांना स्नायूतली पाच डोसांची पद्धत. गरोदरपण, अंगावर पाजणं, लहान मूल यापैकी काहीही लस-सिरम टाळायचं कारण नाही.

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती मात्र अजून ऐकू येते. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. भारतात तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबलं. आताच्या लसीला पथ्य नाही.

लसीचं कार्ड जपून ठेवा. पुढे कधी पुन्हा चावा झाला तर पूर्ण कोर्स झालेल्याला फक्त दोन डोस लागतात, दिवस 0 आणि 3. सिरम लागत नाही.

म्हशीकडे येऊ. नाकाडावर चावा म्हणजे मेंदूच्या जवळचा चावा. पशुवैद्यकाला आजच बोलवा, जखम साबणाने धुवा (हातमोजे घालून) आणि जनावरांच्या लसीचा कोर्स सुरू करा; तो साधारण 0, 3, 7, 14, 28 असाच असतो. तिला इतरांपासून वेगळी बांधा. पुढचे काही महिने लक्ष ठेवायचं ते यावर: आवाज बदलणं, विनाकारण हंबरणं, सारखं कुंथणं, मागचे पाय लटपटणं, तोंडातून लाळ गळणं आणि पाणी न गिळणं. हे शेवटचं लक्षण फार घात करतं. म्हैस गिळत नाही म्हटलं की घरातला माणूस ‘घशात काहीतरी अडकलंय’ म्हणून कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. घसा रेबीजने लुळा पडलेला असतो, हातावर उसाच्या पात्याने कापल्याच्या दहा बारीक चिरा असतात आणि सगळी लाळ त्या चिरांत जाते. चिरांवर लाळ लागणं हा चाव्याइतकाच तिसऱ्या श्रेणीचा संपर्क. असं कुणी केलं असेल तर त्याला लस आणि सिरम दोन्ही.

दुधाबद्दल: उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, उष्णतेने विषाणू मरतो. तरी लक्षणं दिसू लागलेल्या म्हशीचं दूध काढू नका, कारण त्यात खरा धोका काढणाऱ्याच्या हाताला आणि तोंडाला असतो. आजच्या घडीला म्हैस धडधाकट आहे, तोवर दूध उकळून वापरायला हरकत नाही.

कोल्हा मेलेला सापडला तर काठीने डोकं ठेचू नका आणि कुऱ्हाडीने तोडू तर अजिबात नका. मेंदूचे शिंतोडे डोळ्यांत उडतात, आणि तपासणीला हवा असतो तोच मेंदू वाया जातो. हात न लावता वर टोपली किंवा पाटी घाला, कुत्री जवळ येऊ देऊ नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पशुवैद्यक बर्फात घालून नमुना पाठवण्याची व्यवस्था करतात. जिवंत दिसला तरी वनविभागालाच सांगा, कोल्हा संरक्षित प्राणी आहे. राज्याच्या भरपाईच्या यादीत वाघ-बिबट्याबरोबर लांडगा, कोल्हा आणि तरसही आहेत, त्यामुळे आईच्या उपचाराची कागदपत्रं आणि जखमेचे फोटो ठेवून वनरक्षकाकडून पंचनामा करून घ्या.

राहिला घरचा कुत्रा, आणि पुढच्या काही महिन्यांत तुमच्या घराला सर्वांत जास्त धोका त्याच्यापासून आहे. कोल्ह्याचा चावा त्याला लागलाय का ते केस बाजूला सारून, कान आणि मान चाचपून बघा, पण हातमोजे घालून, कारण कोल्ह्याची लाळ त्याच्या अंगावर लागलेली असू शकते. आधीची वार्षिक लस झालेली असेल तर ताबडतोब बूस्टर द्या आणि लक्ष ठेवा. लस कधीच झालेली नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून कोर्स सुरू करा आणि त्याला चार ते सहा महिने पक्क्या पिंजऱ्यात किंवा बंद खोलीत ठेवा. साखळीने बांधून अंगणात ठेवणं पुरेसं नाही, पोरं त्याच्याजवळ जातातच. एवढं जमणार नसेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि पुढचं त्यांच्याशी बोलून ठरवा.